मडकईचे आमदार, गोव्याचे भाऊसाहेब

पणजीतून मांडवीच्या काठाकाठाने, कंपालवरून मिरामारकडे जाणारा जो रस्ता आहे, त्याचे नाव दयानंद बांदोडकर मार्ग. तो जिथे समुद्राला भिडतो, तिथे सुरूच्या झाडांजवळ भाऊसाहेबांची समाधी आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही त्यांना मिरामारला नेतोच. कोणीतरी विचारते, हे कोण? गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, असे आम्ही सांगतो. पाहुणे मान डोलावतात आणि समुद्राकडे वळतात. अलीकडे आमच्याच घरातली मुलेही तसेच करू लागली आहेत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे, असे आम्ही ठरवले.

दुसरेही एक निमित्त आहे. पणजी महापालिकेचे आज ३० प्रभाग आहेत. निवडणूक आली की एकेका गल्लीत चार चार उमेदवार हात जोडून येतात, नळाचे आणि गटाराचे विचारतात, आजीच्या पाया पडतात. आपल्याला त्याचा कंटाळाही येतो. पण मत मागण्यासाठी कोणी आपल्या उंबरठ्यावर यावे, ही गोष्ट गोव्यातल्या बहुसंख्य घरांना १९६२ पर्यंत ठाऊकच नव्हती. ती ज्या माणसाच्या काळात गोव्याच्या अंगवळणी पडली, त्यांची ही कथा.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. पेडणे म्हणजे गोव्याचे उत्तर टोक. एका अंगाला तेरेखोलची नदी, दुसऱ्या अंगाला शापोऱ्याची. पलीकडे सावंतवाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांनी डिचोली, सत्तरी आणि मग पेडणे घेतले. या मुलखाला नव्या काबिजादी म्हणतात. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत धर्मांतराचा जो वरवंटा फिरला, तो इथवर आला नाही. देवळे जागेवर राहिली, दशावतार राहिला, देवळाच्या ओसरीवर मराठी शिकवणारे पंतोजी राहिले. पण जमीनही जागेवर राहिली, म्हणजे ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच. एका बाजूला भाटकार, सरदेसाई, देवस्थानांचे महाजन. दुसऱ्या बाजूला कूळ आणि मुंडकार. मुंडकाराने भाटकाराच्या भाटात झोपडी बांधायची, त्याच्या नारळी राखायच्या, बोलावले की कामाला जायचे आणि जा म्हटले की निघायचे.

भाऊसाहेब ज्या समाजात जन्मले, त्याचे स्थान याहूनही वेगळे होते. गोमंतक मराठा समाज हे नाव त्याने पुढे धारण केले. त्याआधी देवळांच्या सेवेत असलेल्या कलावंत आणि इतर घराण्यांना लोक कोणकोणत्या नावांनी ओळखत, ते इथे लिहिण्याचे कारण नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर यांचे सूर ज्या मातीतून आले, ती हीच. गाण्याला दाद द्यायची आणि पंगतीला मात्र बाजूला बसवायचे, असा तो काळ. राजाराम रंगोजी पैंगीणकर यांच्यासारख्या सुधारकांनी त्याविरुद्ध समाजाला उभे केले. मुलींना देवळाला वाहायचे नाही, लग्ने लावायची, शिकायचे, ही ती चळवळ. भाऊसाहेब तिच्या छायेत वाढले. पुढे त्यांच्याकडे सत्ता आली, तेव्हा पंगतीत बाजूला बसवलेल्यांची बाजू त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नाही.

त्यांच्या जन्माच्या पाचच महिने आधी, ५ ऑक्टोबर १९१० रोजी, पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले होते आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले होते. वाचनालये, शाळा, मराठी नियतकालिके यांचा एक बहर त्यानंतर आला. तो फार टिकला नाही. सालाझारची राजवट सुरू झाली आणि गोव्याच्या तोंडावर हात ठेवला गेला. लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाला दाखवून आणावी लागे. निवडणुका नावाला होत. पक्ष एकच, आणि मताचा हक्क शिकलेल्या किंवा कर भरणाऱ्या मोजक्यांना. डिचोलीच्या खाणीत पाटी वाहणारी बाई आणि पेडण्याच्या शेतात चिखलणी करणारा गडी, या दोघांची त्या हिशेबात गणतीच नव्हती.

खाणींचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे झाले आणि गोव्याच्या तांबड्या डोंगरांना किंमत आली. डिचोली, शिरगाव, पाळी या भागात डोंगर फोडून खनिज मांडवीच्या काठावर आणायचे, तिथून बार्जेसमधून मुरगावला बोटीवर चढवायचे, असा धंदा पाच-दहा वर्षांत उभा राहिला. त्यात ज्यांचे नशीब फळफळले, त्यांत बांदोडकर होते. खाणमालक गोव्यात आणखीही झाले. भाऊसाहेबांची गोष्ट वेगळी झाली ती पैसा आल्यावर. गरीब मुलांच्या फिया, देवळांचे जीर्णोद्धार, नाटकमंडळ्या, खेळाचे संघ, अडल्यानडल्याचे औषधपाणी, जो दारात गेला तो रिकाम्या हाताने परतला नाही, अशी त्यांची ख्याती मुक्तीपूर्वीच झाली होती. हा पुढच्या निवडणुकीचा पाया, असे आज कोणी म्हणेल. पण ज्या काळात निवडणूक नावाची वस्तूच नव्हती, त्या काळातल्या दानाला मतांचा वास लावणे बरे नव्हे.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सत्याग्रहाची ठिणगी टाकली. १५ ऑगस्ट १९५५ ला पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना पणजीत आली आणि ४५१ वर्षांचा अंमल संपला.

मग लगेच प्रश्न आला, आता राज्य कोण चालवणार? आधी लष्करी राज्यपाल, मग नायब राज्यपाल, असे दिवस गेले. १९६२ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. प्रौढ मताधिकारावर गोव्यात झालेली ही पहिलीच निवडणूक. ज्याच्या भाटात आपली झोपडी त्याच्या विरुद्ध आपण शिक्का मारू शकतो, आणि तो कोणी मारला हे त्याला कळत नाही, हा अनुभव गावोगावच्या माणसांनी पहिल्यांदा घेतला. मुंबई-पुण्याहून आलेल्या राजकारण्यांना त्याचे महत्त्व कळले नाही. भाऊसाहेबांना कळले.

१९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला आणि बांदोडकर त्याचे अध्यक्ष झाले. पक्षाची निशाणी सिंह. मागण्या दोन: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा आणि कसेल त्याला जमिनीचा आधार मिळावा. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष, निशाणी हात. त्याची मागणी गोवा वेगळा राहावा ही. तिसरी काँग्रेस. ती दिल्लीत राज्य करत होती, गोवा तिच्या सरकारने सोडवला होता आणि विजय आपल्या खिशातच आहे असे तिच्या मंडळींना वाटत होते. त्यांनी उमेदवार निवडले ते बरेचसे जुन्या प्रतिष्ठितांतले. मगोने निवडले ते बहुजन समाजातले शिक्षक, दुकानदार, कार्यकर्ते, अशी साधी माणसे.

विधानसभा ३० जागांची. त्यातल्या २८ गोव्यात, एक दमणला, एक दीवला. इथे थोडे आकड्यांत शिरतो, कारण त्याशिवाय त्या निवडणुकीची चव कळणार नाही. गोव्याचे एकूण मतदार चार लाखांच्या आत होते. त्यांना २८ ने भागले तर एका मतदारसंघाला सरासरी १४ हजारही येत नाहीत. मुंबईच्या महापालिकेतल्या एका प्रभागातसुद्धा आज याहून कितीतरी अधिक मतदार असतात. म्हणजे नाव विधानसभेचे, पण लढत प्रभागाची. उमेदवार कोणाचा कोण, त्याच्या आजोबांनी कोणाची विहीर बंद केली होती, त्याची बायको कोणत्या गावची, हे सगळे मतदाराला ठाऊक. अशा लढतीत मोठ्या सभांपेक्षा वाड्यावाड्यांतून फिरणे, देवळाच्या पायरीवर बसणे, जत्रेला हजर राहणे यांचा उपयोग जास्त. भाऊसाहेबांना हे राजकारण शिकावे लागले नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत माणसे नावाने ओळखण्याची त्यांची सवय जुनी होती.

९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. निकाल लागला तेव्हा मगो आणि त्याच्या मित्रांच्या मिळून १६ जागा, युनायटेड गोवन्सच्या १२. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, दमणची एक तेवढी हाती लागली. त्याच वेळी झालेल्या लोकसभा निवडणुकीत पणजीच्या मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर आल्वारिस निवडून गेले. मगोने पाठिंबा दिलेला हा उमेदवार ख्रिस्ती होता, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे या पक्षाकडे केवळ हिंदूंचा पक्ष म्हणून पाहण्याची रीत पडली.

गंमत अशी की ज्यांनी ही निवडणूक जिंकून दिली, ते स्वतः उभेच राहिले नव्हते. आमदार नसतानाच २० डिसेंबर १९६३ रोजी बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, आणि त्यानंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत आले. मडकई फोंडा तालुक्यात, जुवारीच्या काठावर, नवदुर्गेचे गाव. पेडण्याच्या माणसाने फोंड्याच्या गावात मत मागावे आणि ते मिळावे, यात आज काही वाटणार नाही. पण तेव्हाचा गोवा नद्यांनी तोडलेला होता. पेडण्याहून पणजीला यायचे तर वाटेत नदी ओलांडायची, मग बेतीला फेरीबोटीसाठी उभे राहायचे. तालुका हाच देश, अशी माणसांची समजूत. मडकईकरांनी परक्या तालुक्यातला उमेदवार आपला मानला, तेव्हाच भाऊसाहेब पेडण्याचे न राहता गोव्याचे झाले, असे आम्हाला वाटते.

९ जानेवारी १९६४ रोजी पणजीच्या जुन्या सचिवालयात, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्यात, विधानसभेची पहिली बैठक भरली. पां. पु. शिरोडकर सभापती झाले. ज्या वास्तूत पोर्तुगालचे गव्हर्नर राहत आणि जिच्या दारातून कुळाला आत पाऊल टाकणेही कठीण, तिथे आता कुळांची मुले बाकांवर बसली होती. विरोधी बाकांवर डॉ. सिक्वेरा. दोघांचे विचार दोन टोकांचे, पण सभागृहातली त्यांची झुंज मोकळी असे, आणि पुढे कठीण प्रसंगी ती एकमेकांचा आदर राखूनच झाली.

भाऊसाहेबांच्या सरकारने काय केले, याची यादी देत बसत नाही. दोन गोष्टी मात्र अशा, की त्यांवाचून त्यांच्याविषयी बोलताच येत नाही. एक, १९६४ चा कूळ कायदा. खंडाला मर्यादा आली आणि कुळाला मनमानीने काढून टाकणे बंद झाले. कसणाऱ्याला मालक करण्याचे पाऊल त्यांच्या पश्चात पडले, पण त्याचा पाया हाच. दुसरी, शाळा. गावोगाव, वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक मराठी. इमारत नसेल तर देवळाच्या सभामंडपात, कोणाच्या पडवीत. सत्तरीच्या डोंगरात, डिचोलीच्या खाणवस्तीत पाटी-पेन्सिल पोहोचली.

आणि इथेच आमच्यासारख्यांची कथा या कथेला येऊन मिळते. शाळा निघाल्या, कचेऱ्या वाढल्या, तशी माणसे कमी पडू लागली. रत्नागिरी, कोल्हापूर, सातारा, बेळगावकडून शिक्षक आले, कारकून आले, ओव्हरसियर आले. आज पणजीत, म्हापशात, डिचोलीत तीन पिढ्या नांदलेल्या अनेक मराठी घरांचा पहिला माणूस असाच हातात बदलीचा हुकूम आणि ट्रंक घेऊन फेरी धक्क्यावर उतरला. त्याला वाटे, आपण आपल्याच मुलखात आलो आहोत, राहिले आहे ते फक्त कागदावर लिहायचे. शेजारी राहणाऱ्या गोवेकराला, ज्याचा मुलगा पोर्तुगीज लिसेव शिकून घरी बसला होता, त्याला काय वाटत असेल, याचा विचार आपल्या वडीलमंडळींनी फारसा केला नाही. हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण पुढे जे घडले ते समजायचे तर हेही सांगायला हवे.

जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. बहुमत होते, ठराव झाला, पण दिल्ली हलेना. पंडित नेहरूंनी गोव्याचे वेगळेपण काही वर्षे जपण्याचा शब्द दिलेला होता. नेहरू गेले, मग शास्त्री गेले, आणि निर्णय इंदिरा गांधींपुढे आला. महाराष्ट्र विलीनीकरणासाठी आग्रही, शेजारचे म्हैसूर राज्य विरोधात. शेवटी असे ठरले की लोकांनाच विचारावे. १९६६ च्या डिसेंबरात संसदेने गोवा, दमण आणि दीव जनमत कौल कायदा केला. स्वतंत्र भारतात अशा प्रश्नावर कायदा करून घेतलेला हा एकमेव कौल.

मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून सरकारने पायउतार व्हावे, अशी विरोधकांची मागणी होती. भाऊसाहेबांनी ती मानली. डिसेंबरच्या सुरुवातीलाच त्यांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. हाती असलेली सत्ता स्वतःहून सोडून, फक्त आपल्या शब्दावर लोकांसमोर जाण्याचा हा निर्णय त्यांच्या पुष्कळ सहकाऱ्यांना आवडला नसणार. आम्हालाही कधी कधी वाटते, ते खुर्चीवर राहिले असते तर? पण मग तो कौल कौल राहिला नसता.

निशाण्या ठरल्या. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित प्रदेशाला दोन पाने. दीड महिना गोव्यात दुसरा विषय नव्हता. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात, आणि दोन्ही मराठीतच. म्हणजे मराठीच्या विरोधातले म्हणून ज्यांना आपण नावे ठेवली, त्यांनी आपली बाजू मराठीतूनच मांडली. उल्हास बुयांव गावोगाव गात फिरले, उदय भेंब्रे 'राष्ट्रमत'मधून दररोज लिहीत राहिले. पणजी राजधानी होती, ती उद्या एखाद्या जिल्ह्याचे ठाणे होईल. नोकऱ्या घाटावरच्यांना जातील. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, मग माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराने काय करायचे? असे प्रश्न घराघरात पोहोचले. मगोचे उत्तर भावनेचे होते: एक भाषा, एक देव, एक इतिहास. मुंबईहून मोठमोठे पुढारी येऊन सभा गाजवून गेले. सभांना गर्दी झाली. पण रेंदेराच्या प्रश्नाचे उत्तर सभेतल्या टाळ्यांनी मिळत नव्हते. जो पक्ष प्रभागाची लढाई लढून सत्तेवर आला, तोच या वेळी ती लढाई विसरला आणि विरोधकांनी मात्र ती दारोदार लढवली, असे आमचे मत आहे. मतभेद असणाऱ्यांनी जरूर कळवावे.

१६ जानेवारी १९६७, सोमवार. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत टाकले. शंभरात जवळजवळ ८२. पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेत मोजणी सुरू झाली तेव्हा बाहेर हजारोंची गर्दी होती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या पट्ट्यात फूल उमलले. सासष्टीत दोन पानांचा पूर आला. अंतिम बेरीज अशी: फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. केवळ ख्रिस्ती मतांनी हा फरक पडला असे म्हणणे सोपे आहे, पण १९६३ ला सिंहावर शिक्का मारणाऱ्या कितीतरी हिंदू घरांतून या वेळी दोन पानांवर मत गेले. त्याशिवाय हा हिशेब जमत नाही.

ज्या एका मागणीसाठी पक्ष काढला, ज्या मागणीचे नाव पक्षाच्या नावातच आहे, तीच लोकांनी नाकारली. सत्ता आधीच सोडलेली. असा माणूस एक तर निवडणूक घोटाळ्याची आरोळी ठोकतो, नाहीतर घरी बसतो. भाऊसाहेबांनी दोन्ही केले नाही. कौल मान्य केला आणि दोन महिन्यांत पुन्हा त्याच लोकांच्या दारात गेले. २८ मार्च १९६७ ला विधानसभेची निवडणूक झाली. मगो १६, युनायटेड गोवन्स १२. ५ एप्रिलला बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री.

या निकालापुढे त्या वेळी भलेभले गोंधळले होते. विलीनीकरण नको, पण विलीनीकरण मागणारे सरकार हवे, हे कसे? आम्हाला तो मतदार अजिबात गोंधळलेला वाटत नाही. गोवा कुठे असावा, हा एक प्रश्न. गोव्यात राज्य कोणाचे असावे, हा दुसरा. मडकईच्या कुळाने आणि पेडण्याच्या मुंडकाराने दोन प्रश्नांची दोन उत्तरे दिली. दुसऱ्या उत्तरात त्यांना भाटकार परत यायला नको होता, बस्स.

यानंतरचे भाऊसाहेब थोडे वेगळे दिसतात. विलीनीकरणाचे नाव हळूहळू मागे पडत गेले आणि गोवा उभा करण्याचे काम पुढे आले. १९६८ चा गोवा नगरपालिका कायदा याच काळातला. पोर्तुगीज अमलात नगरपालिका म्हणजे सगळ्या तालुक्याची कामारा. पणजीची कामारा तिसवाडीचा कारभार पाही. नव्या कायद्याने शहरांच्या निवडून दिलेल्या पालिका आल्या, प्रभाग आले, नगरसेवक आले. आज आपल्या गल्लीत हात जोडून येणारा तो उमेदवार या कायद्याच्या वाटेने आला आहे. मांडवीवरचा पहिला पूलही त्यांच्याच राजवटीत उभा राहिला आणि बेतीच्या फेरीबोटीची रांग ओसरली. पुढे १९८६ मध्ये तो पूल कोसळला आणि रांगा परत आल्या, ते आमच्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे.

१९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली. कंपालची चार्ल्स कोरियांनी उभारलेली देखणी वास्तू नंतरची, १९८३ ची, पण संस्था भाऊसाहेबांची. ज्या समाजाच्या गाण्याला लोकांनी दाद दिली आणि मान दिला नाही, त्या समाजातल्या मुख्यमंत्र्याने राजधानीत संगीताला आणि नाटकाला सरकारी घर दिले. याबद्दल त्यांनी कुठे गाजावाजा केला नाही. फुटबॉलच्या बांदोडकर सुवर्ण चषकाची सुरुवातही १९७० चीच, आणि फुटबॉल म्हणजे सासष्टीचा जीव. ज्या भागाने त्यांना मते दिली नाहीत, त्या भागातली गर्दी त्यांच्या नावाच्या चषकासाठी पणजीला येऊ लागली.

सगळेच सुरळीत होते असे नाही. हाती घेतले ते एकट्याने रेटायचे, हा त्यांचा स्वभाव. खाणीवर तो चालतो, मंत्रिमंडळात टोचतो. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातल्या काही आमदारांनी बंड केले. सरकार जाण्याची वेळ आली आणि ते तरले तेही विरोधी बाकांवरून आलेल्या काही मतांच्या आधाराने. त्या वेळी सहकाऱ्यांना थोडे जास्त विश्वासात घेतले असते, तर पुढे पक्षाला जी फुटीची सवय लागली ती कदाचित लागली नसती. मतदारांनी मात्र याचा राग धरला नाही. १९७२ च्या निवडणुकीत मगोला १८ जागा मिळाल्या, आधीपेक्षा दोन जास्त.

त्यानंतर जेमतेम दीड वर्ष. १२ ऑगस्ट १९७३, श्रावणातला रविवार. वयाच्या ६३ व्या वर्षी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, भाऊसाहेब गेले. चतुर्थीला तीन आठवडे होते. अंत्यविधी मिरामारला झाला, आणि समाधी आज आहे तिथे, मांडवी समुद्राला मिळते त्या काठावर बांधली गेली. त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्यांनी राज्य चालवले. वडिलांनी अर्धवट ठेवलेली कुळांची आणि मुंडकारांची कामे त्यांनी पुढे नेली. २०१६ मध्ये ताईही गेल्या.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला. ३० जागांच्या विधानसभेच्या ४० झाल्या आणि मतदारसंघांच्या रेषा पुन्हा आखल्या गेल्या. पेडण्याचे, डिचोलीचे, मडकईचे नाव यादीत अजून आहे.

चतुर्थीच्या दिवसांत पणजीहून फोंड्याकडे जाताना फर्मागुढीच्या चढावर गोपाळ गणपतीचे देऊळ लागते. गुराख्यांना डोंगरात सापडलेली दगडी मूर्ती बरीच वर्षे नारळीच्या झावळ्यांच्या छपराखाली होती. भाऊसाहेबांनी तिथे देऊळ बांधले आणि २४ एप्रिल १९६६ रोजी धातूच्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. जनमत कौलाला तेव्हा नऊ महिने होते. माटोळीचे सामान घेऊन गावाकडे निघालेल्या गाड्या आजही त्या वळणावर जरा थांबतात. आमचीही थांबते. यंदा मुलांना खाली उतरवून देऊळ कोणी बांधले ते सांगणार आहोत. मिरामारला ऐकले नाही तरी तिथे ऐकतील, कारण तिथे समुद्र नाही.